एमसीबी बसवलाय ना, मग शॉक लागून माणूस गेला कसा? कामाच्या ठिकाणच्या विजेचं गणित समजून घ्या

"मशीनला जरा करंट येतोय, सांभाळून."

वर्कशॉप असो, हॉटेलचं किचन असो, पिठाची गिरणी असो नाहीतर बांधकामाची साइट, हे वाक्य कुठंही ऐकायला मिळतं. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. कोरडी चप्पल घाल, पायाखाली फळी घे, मशीनला एकाच हातानं हात लाव. काम काही थांबत नाही आणि मशीनही दुरुस्त होत नाही.

मग एखाद्या दिवशी जोराचा पाऊस होतो, फरशी ओली होते, चप्पल भिजते आणि इतके दिवस नुसत्या मुंग्या आणणारं तेच मशीन जीव घेतं.

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो म्हणजेच एनसीआरबीच्या अहवालांनुसार २०१८ ते २०२१ या चारही वर्षांत भारतात दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं विजेचा धक्का बसून दगावली. यातले सगळेच मृत्यू कामाच्या ठिकाणचे नाहीत. शेतातली मोटर, रस्त्यात तुटून पडलेली तार, घरातला गिझर असं सगळं त्यात येतं. पण कामाच्या ठिकाणी असा अपघात झाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो.

"अहो, सगळीकडं एमसीबी बसवलेत. मग एकही पडला कसा नाही?"

उत्तर असं आहे की एमसीबी बिघडलेला नव्हता. माणसाला वाचवणं हे त्याचं कामच नव्हतं. ते काम दुसऱ्याच एका उपकरणाचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते उपकरण बसवलेलंच नसतं. नेमकं प्रकरण काय आहे, जरा सविस्तर बघूया.

माणूस मरायला करंट लागतो तरी किती?

आपण शॉकबद्दल बोलताना व्होल्टेजबद्दल बोलतो. "२३० व्होल्टचा झटका बसला", "हाय व्होल्टेज होतं" वगैरे. पण शरीराचं नुकसान होतं ते शरीरातून किती करंट वाहिला आणि किती वेळ वाहिला यावरून. हा करंट मोजतात मिलिअँपिअरमध्ये. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर.

साधारण १ मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला की झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडायला लागतात. ३० मिलिअँपिअरच्या पुढं, करंट थोडा वेळ जरी टिकला, तरी श्वास अडकण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. मग हृदय आकुंचन पावून रक्त पुढं ढकलत नाही, नुसतं थरथरत राहतं. काही मिनिटांत खेळ संपतो.

यातला १० मिलिअँपिअरचा टप्पा नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हेच मोजलं होतं, की हातात धरलेली वस्तू माणूस स्वतःच्या इच्छेनं किती करंटपर्यंत सोडू शकतो. पुरुषांमध्ये ही सरासरी निघाली साधारण १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये साधारण साडेदहा. त्यापुढं मूठ उघडतच नाही. मेंदू "सोड" म्हणतो, पण स्नायू वीज सांगेल तसे वागतात. "करंटनं ओढून घेतलं" असं लोक म्हणतात ना, ते हेच. वीज ओढत नाही, आपलीच मूठ आवळली जाते.

आता हे आकडे किती छोटे आहेत ते बघा. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँपिअर करंट घेतो. म्हणजे एक छोटा बल्ब पेटवायला जेवढी वीज लागते, तेवढी माणसाचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकते.

आणि माणसातून प्रत्यक्षात जातो किती? कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध बराच असतो. पण घामानं किंवा पाण्यानं त्वचा ओली झाली, पाय ओल्या फरशीवर असले, की हा विरोध घसरून १००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १००० केलं की उत्तर येतं ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर.

म्हणजे कालपर्यंत फक्त मुंग्या आल्या, याचा अर्थ मशीन सुरक्षित होतं असा होत नाही. काल फक्त तुमची चप्पल कोरडी होती.

मग एमसीबी करतो तरी काय?

एमसीबी म्हणजे मिनिएचर सर्किट ब्रेकर. पूर्वी पोर्सेलीनचे किटकॅट फ्यूज असायचे, त्यांची जागा यानं घेतली. याची कामं दोन. एक, वायरच्या कुवतीपेक्षा जास्त लोड आला तर लाइन तोडायची. दोन, शॉर्ट सर्किट झालं तर क्षणात लाइन तोडायची. थोडक्यात, एमसीबी वायरीचा राखणदार आहे. वायर तापून पेटू नये म्हणून तो बसवलेला असतो.

समजा, मशीनच्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे. १६ अँपिअरपर्यंत करंट वाहिला तर त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं. माणसातून जाणारा २३० मिलिअँपिअर करंट म्हणजे या १६ अँपिअरचा जवळपास ७० वा भाग. एमसीबीला वाटतं की आणखी दोन-चार बल्ब लावले असतील. तो पडायचं काही कारणच नसतं.

म्हणून माणूस मशीनला चिकटलेला असतो आणि बोर्डातला एमसीबी मात्र निवांत चालू असतो.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी

या उपकरणाचं पूर्ण नाव रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर. जुने वायरमन याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. याचं काम समजायला दुकानाचा गल्ला डोळ्यांपुढं आणा. संध्याकाळी हिशोब करताना आपण काय बघतो? जेवढे पैसे बाहेर गेले, तेवढ्याचा हिशोब परत आला का? नसेल, तर कुठंतरी गळती आहे.

आरसीसीबी हाच हिशोब सतत करत असतो. फेजच्या वायरीतून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. एखाद्याला शॉक लागतो तेव्हा थोडा करंट त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. तो न्यूट्रलमधून परत येत नाही. हिशोबात फरक पडतो. हा फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की आरसीसीबी लाइन तोडतो, तेही सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत. गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर. झटका बसतो, दचकायला होतं, पण हृदयाची लय बिघडण्याआधी वीज गेलेली असते.

मात्र इथं तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट, आरसीसीबी घेताना आकडा बघायचा. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात. ते गळतीमुळं आग लागू नये यासाठी चांगले आहेत, पण माणसाला वाचवण्यासाठी त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

दुसरी गोष्ट, आरसीसीबी आला म्हणून एमसीबी काढायचा नाही. साधा आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत, दोन्ही लागतात. दोन्ही कामं एकाच डबीत करणारं उपकरणही मिळतं, त्याला आरसीबीओ म्हणतात.

तिसरी गोष्ट, आरसीसीबी असला तरी जिवंत वायरीशी खेळायचं नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला आणि पाय कोरड्या फळीवर असले, तर करंट एका हातातून जाऊन दुसऱ्या हातातून परत येतो. जमिनीत काहीच जात नाही. हिशोब बरोबर जुळतो आणि आरसीसीबीला कळतच नाही की मधला "बल्ब" म्हणजे एक माणूस आहे.

अर्थिंगची तिसरी पिन कापली की काय होतं?

थ्री पिन प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. हे उगाच नाही. लांब असल्यामुळं प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. जाड असल्यामुळं ती चुकून फेजच्या भोकात जात नाही.

या पिनेची वायर मशीनच्या धातूच्या बॉडीला जोडलेली असते. आत कुठं वायरचं आवरण सोललं आणि बॉडीत करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला माणसापेक्षा सोपा रस्ता मिळावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

प्रत्यक्षात काय होतं? बोर्डावर टू पिनचं सॉकेट असतं म्हणून पक्कडीनं अर्थिंगची पिन कापली जाते. प्लग तुटला की वायरीची टोकं सोलून थेट सॉकेटमध्ये खुपसली जातात आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्या जातात. काही जण अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच बॉडी जोडून टाकतात. हा सगळ्यात घातक जुगाड. वाटेत न्यूट्रल तुटला की मशीनची अख्खी बॉडी २३० व्होल्टवर जाते.

आता कुणी म्हणेल, अर्थिंग नीट आहे, मग आरसीसीबी कशाला? इथं पुन्हा थोडं गणित करू. अर्थिंगचा खड्डा जुना झालाय, माती कोरडी पडलीय आणि त्याचा विरोध २० ओहम झालाय असं धरा. बॉडीत करंट उतरला तर खड्ड्यातून वाहणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी यावरही पडत नाही. मशीनची बॉडी जिवंतच राहते. आरसीसीबी असेल तर मात्र साडेअकरा अँपिअरची गळती बघून तो तिथल्या तिथं लाइन तोडतो आणि तेही कुणी मशीनला हात लावायच्या आधी.

उलट बाजूनं बघितलं, तर अर्थिंग नसताना नुसता आरसीसीबी गळती कळायला माणसाचा हात लागण्याची वाट बघतो. म्हणून ही जोडी एकत्रच हवी.

आणि एक नेहमीची गोष्ट. आरसीसीबी सारखा पडतो, काम खोळंबतं, म्हणून तो बायपास करून टाकला जातो. खरंतर तो सारखा पडतोय म्हणजे कुठंतरी गळती आहे किंवा जोडणी चुकलीय असं तो ओरडून सांगत असतो. अशा वेळी एकेक मशीन बंद करत नेमकी गळती कुठं आहे ते वायरमनकडून शोधून घ्यायचं असतं. कुत्रा भुंकतोय म्हणून त्याला हाकलून दिलं, तर चोराचं काम सोपं होतं.

ऑफिसवाल्यांनो, एक्स्टेन्शन बोर्डचं गणितही बघा

शॉक हा कारखान्यातला विषय आहे, आपण तर कॉम्प्युटरवर काम करतो, असं वाटत असेल तर टेबलाखाली एकदा वाकून बघा.

साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा असतो. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. एक इलेक्ट्रिक किटली १५०० वॅटची असते आणि इंडक्शन शेगडी २००० वॅटपर्यंत जाते. म्हणजे एकट्या किटलीनंच बोर्डाची मर्यादा ओलांडली. त्यावर दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडला, त्यावर प्रिंटर, चार्जर आणि टेबल फॅन लावले, की सैल झालेला जोड तापायला लागतो. प्लगजवळ पिवळसर डाग, जळका वास, चरचर आवाज ही सगळी आगीची आधीची पत्रं असतात.

म्हणून किटली, मायक्रोवेव्ह, हीटर यांना भिंतीतलं १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. वायर गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून न्यायची नाही. आणि प्लग काढताना वायरीला धरून ओढायचं नाही.

दुरुस्ती करताना सगळ्यात जास्त जीव कुठं जातात?

"बटण बंद केलंय" या भरवशावर.

बटण बंद असलं तरी लाइन जिवंत असू शकते. चुकून न्यूट्रलवर स्विच बसवला असेल, तर बटण बंद केल्यावर मशीन थांबतं, पण फेज आतपर्यंत तसाच राहतो. कधी मेन स्विच बंद असतो, पण जनरेटर, इन्व्हर्टर किंवा छतावरच्या सोलरमधून उलटा करंट येतो. कधी वायरमन आत काम करत असतो आणि "लाइट कशी काय गेली" म्हणत बाहेरचा दुसराच कुणीतरी मेन चालू करतो.

म्हणून मोठ्या कंपन्यांमध्ये एक शिस्त असते. लाइन तोडा, स्विचला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, "काम चालू आहे" अशी पाटी लटकवा आणि मग तपासा. छोट्या दुकानातही हे जमतं. त्याला लागतं एक कुलूप आणि एक पुठ्ठा.

तपासण्याचीही पद्धत आहे. आधी चालू असलेल्या लाइनवर मीटर लावून तो नीट दाखवतोय का बघायचं. मग ज्यावर काम करायचंय ती लाइन तपासायची. मग पुन्हा चालू लाइनवर मीटर लावून बघायचं. मधल्या वेळेत मीटरच बिघडला नाही ना, याची खात्री त्यातून होते. खिशातला वीस-तीस रुपयांचा टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन मेली, असं समजायचं नाही. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा लख्ख उजेड असेल, तर त्याचा दिवा दिसतही नाही. यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही काळ चार्ज धरून ठेवतात, हेही विसरायचं नाही.

टाकी, बॉयलर, पाइप अशा अरुंद धातूच्या जागेत काम असेल तर धोका कैक पटींनी वाढतो, कारण माणूस चारही बाजूंनी लोखंडाला टेकलेला असतो. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्यानं अशा जागी पुरेशी सुरक्षा साधनं नसतील, तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा किंवा उपकरण वापरायला मनाई केली होती.

कायदा काय म्हणतो?

देशात २००३ चा विद्युत कायदा आहे. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं सुरक्षेचे नियम आधी २०१० मध्ये केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यानुसार बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच आणि प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखालीच करून घ्यावं लागतं. "आपला पोरगा सगळं करतो" हे तिथं चालत नाही.

विजेमुळं जीव गेला किंवा कुणी जखमी झालं, तर त्याची माहिती विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि निरीक्षकाला चौकशी करता येते. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई मागण्याचा कामगाराचा हक्क तर १९२३ च्या कायद्यापासून चालत आलाय. "त्यानंच हात लावला" एवढं म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

डोळ्यांसमोर कुणाला शॉक लागला तर?

सगळ्यात आधी, त्याला हात लावायचा नाही. धावत जाऊन ओढायला गेलेला दुसरा माणूसही चिकटतो. मेन स्विच बंद करा किंवा प्लग काढा. ते शक्यच नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरडं लाकूड किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूनं वायर बाजूला करा. हे फक्त घरगुती दाबाच्या लाइनसाठी. खांबावरची उच्च दाबाची तार असेल तर लांब थांबा आणि आधी वीज कंपनीला लाइन बंद करायला सांगा. तिथं लाकूडही कामाचं नाही.

मग १०८ किंवा ११२ ला फोन करा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर लगेच सीपीआर सुरू करा. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, किमान ५ सेंटीमीटर खोल दाबत राहायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

काही भागांत शॉक लागलेल्याला माती किंवा वाळूत पुरतात, "करंट उतरतो" म्हणून. शरीरात करंट साठून राहत नाही, त्यामुळं उतरायला तिथं काही नसतंच. त्यात फक्त सीपीआरची मोलाची मिनिटं वाया जातात. आणि जोराचा शॉक लागून माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचं. आतली इजा आणि हृदयाची बिघडलेली लय वरून दिसत नाही.

उद्या कामावर गेल्यावर काय कराल?

मेन बोर्ड उघडून बघा. त्यात "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण असलेलं उपकरण आहे का? असेल तर त्यावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर लिहिलंय का बघा. कॉम्प्युटर आणि मशीन बंद करून ते बटण दाबा. खटका पडला तर आरसीसीबी जिवंत आहे. पडला नाही तर तो बदलायचा. महिन्यातून एकदा एवढं केलं तरी चालेल. फक्त एक ध्यानात ठेवा, हे बटण आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंग मोजायला वायरमनलाच बोलवावं लागतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाही, तर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना मोजून घ्यावं. तेव्हा जे ठीक निघतं, ते पावसातही ठीक असतं.

आणि असं बटणच सापडलं नाही तर? तर मालकाला, मॅनेजरला हा हिशोब दाखवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी काही हजार रुपयांत बसतो. तोवर ज्या मशीनला "जरा करंट येतो", त्याचा प्लग काढून ठेवा आणि दुरुस्त होईपर्यंत कुणालाही लावू देऊ नका.